कांजिण्या कुणाला येऊन गेल्या

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मला कांजिण्या आल्या आणि आमच्या घरातली फोडणी बंद झाली. आई चाकणकडच्या खेड्यातली. घरात देवी आली की कढईत काही तडतडवायचं नाही, अंगावरचे फोड चिडतात, असं तिचं ठाम मत. तिनं माझ्या अंथरुणावर कडुनिंबाचा पाला पसरला. संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्या इतक्या शांत झाल्या, की तापात मला खिडकीतल्या उन्हाचासुद्धा आवाज येतोय असं वाटायचं. कंपनीचा भोंगा पाण्याखालून वाजल्यासारखा यायचा. छत हळूहळू वर जायचं, परत खाली यायचं. खरं सांगते, मला ते आवडत होतं.

पण पलीकडच्या खोलीत ताई होती. पहिलं बाळंतपण म्हणून थेरगावच्या सासरहून माहेरी आलेली, नववा महिना लागलेला. फोड दिसायच्या आदल्या संध्याकाळी तिनंच माझी वेणी घातली होती. मी पुस्तकात वाचलं होतं, बाळंतपणाच्या तोंडावर आईला कांजिण्या झाल्या तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. डोळे मिटले की तेच वाक्य माशीसारखं कानाशी यायचं. मला फार भीती वाटत होती.

"आई, ताईला लहानपणी येऊन गेल्यात ना?"

"न्हाई गं. तुला आलत्या. ती मामाकडं हुती. नऊ दिस तुज्या उशाशी बसले, इसरंन व्हय मी?"

ही गोष्ट मला पाठ होती. ताईशी भांडण झालं की मी तीच बाहेर काढायची. तू मामाकडे आंबे खात होतीस, आई माझ्याजवळ बसली होती!

दुपारी अण्णा पहिल्या शिफ्टहून आले आणि माझ्या पायाशी टेकले. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कारखान्यात लेथ मशीनवर होते.

"काय शास्त्रज्ञबाई, हा तुमचा विषाणू करतो तरी काय? बिनफोडणीचं वरण खाऊन मी कंटाळलो."

मी डोळे मिटूनच सांगू लागले. "अण्णा, त्याच्याकडे लेथ नाही, कामगार नाही, वीजही नाही. नुसतं स्वतःचं, मापांसकट काढलेलं एक ड्रॉइंग आहे आणि त्याभोवती वेष्टण. आपल्या शरीरातली एकेक पेशी म्हणजे एकेक कंपनी. हा आत शिरतो, आपलं ड्रॉइंग पुढे सरकवतो, आणि आपलेच कामगार आपलं काम टाकून त्याचा माल काढायला लागतात. ड्रॉइंगच्या नकला, वेष्टणाचे भाग. मग जोडणी, आणि तयार माल बाहेर. तो शेजारच्या कंपनीत शिरतो."

"आणि ओव्हरटाइम?"

"तो आपल्याच पेशी भरतात."

"अरे लबाडा!" अण्णा माझ्या हातावरच्या फोडांकडे पाहत म्हणाले. मला त्या वेळी सगळीकडे निळी ड्रॉइंगं दिसत होती, भिंतीवर, चादरीवर, अण्णांच्या सदऱ्यावर.

"पण मला फ्लू किती वेळा झाला. कांजिण्या म्हणे एकदाच. असं का?"

"फ्लूच्या नकला तपासणीशिवाय निघतात. चुका तशाच राहतात, मापं बदलतात, आणि तोच गडी पुढच्या खेपेला वेगळा चेहरा घेऊन येतो. कांजिण्यांचं ड्रॉइंग डीएनएचं. नक्कल निघतानाच बरीचशी चूक सुधारली जाते, म्हणून चेहरा फारसा बदलत नाही. शरीर त्याला एकदा बघतं आणि ओळख ठेवतं. दुसऱ्यांदा सहसा दारातच अडवतं."

अण्णा म्हणाले, "मग तुला दुसऱ्यांदा कसं गाठलं?"

मी ताडकन उठून बसले. निळी ड्रॉइंगं एकदम पुसली गेली. "आई! एकीला आल्या आणि एक मामाकडे होती, हे नक्की?"

"नक्की म्हंजे? सगळं गाव फोडांनी फुललं हुतं."

"मग मला आत्ता आल्यात, तर तेव्हा कुणाला आल्या होत्या?"

"मी काय खोटं बोलती व्हय?" आई भडकलीच. अण्णा हळूच म्हणाले, "एका वर्षाच्या अंतराच्या पोरी. फ्रॉकसुद्धा एकाच कापडातले शिवायचीस. कोण कुठली, मलाही आठवत नाही."

आईनं पिठाचे हात पुसले. ताईला दारातल्या उजेडात खाली बसवलं आणि तिचे केस वर धरून मान पाहिली. उजव्या कानामागं एक खोल, गोल वण होता. आईचं बोट त्यावर थांबलं.

"व्हय," ती म्हणाली. "हिथं सगळ्यात मोठा फोड हुता. खाजवू नये म्हून मी हात धरून बसायची. ती तूच गं."

ताईनं पोटावर दोन्ही हात ठेवले आणि रडायलाच लागली. अण्णा म्हणाले, "सुटलो बुवा." मीही सुटले. पुढे तीन आठवड्यांनी भाची झाली, अंगावर एक ठिपका नसलेली.

पण त्या दुपारी मी भिंतीकडे तोंड केलं आणि मुसमुसू लागले. बाळ वाचल्याचा आनंद खरा होता, पण ते नऊ दिवस माझे नव्हते, याचं दुःखही तितकंच खरं होतं. लाज वाटत होती, तरी रडू थांबेना.

आई कधी आत आली कळलं नाही. तिच्या परातीत कणीक तशीच पडली होती.

"सरक जरा," ती म्हणाली, आणि भर दुपारी, कडुनिंबाच्या पाल्यावर, माझ्या शेजारी आडवी झाली.