तुरळक ठिकाणी जोरदार

लग्नात, एसटीत, बारशात, कुठेही मी काय काम करते हे कळलं की समोरचा माणूस आधी आभाळाकडे बघतो आणि मग माझ्याकडे. डॉक्टरकडे पेशंट साठतात, वकिलाकडे फायली. आमच्याकडे किस्से साठतात. अंदाज चुकला की लोक फोन करून सांगतात, आणि बरोबर आला तरी फोन करून सांगतात. फक्त आवाज वेगळा असतो!

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला देणारं आमचं छोटंसं केंद्र आहे. कदम सर प्रमुख आणि त्यांच्या हाताखाली मी एकटी. अंदाज वरून येतो. म्हणजे वरच्या ऑफिसातून. थेट आभाळातून आला असता तर आम्हाला एवढी बोलणी बसली नसती. आम्ही तो शेताच्या भाषेत आणतो, मी रोज सकाळी माझ्या आवाजात रेकॉर्ड करते आणि तो गावोगावच्या ग्रुपवर जातो. त्यामुळे मला चेहऱ्याने कोणी ओळखत नाही, पण बाजारात नुसतं "अर्धा किलो गवार द्या" म्हटलं की भाजीवाली मान वर करते, "पावसाच्या मॅडम ना तुमी?"

हे सगळे किस्से एकाच आठवड्यातले. पितृपंधरवडा संपत आला होता, नवरात्र तोंडावर. सोयाबीन काढणीला आलेलं, घरोघरी गोधड्या धुवायला निघालेल्या, आणि पाऊस काही जायचं नाव घेत नव्हता.

*

सोमवारी मी रेकॉर्ड केलं, "पुढील काही दिवस तुरळक ठिकाणी जोरदार पावसाची शक्यता."

लगेच येडगावहून एका तात्यांचा फोन. "मॅडम, हे तुरळक ठिकाण कुठं आलं? जुन्नरात का आंबेगावात?"

"तात्या, तसं गाव नाही. तुरळक म्हणजे कुठेतरी, थोड्या ठिकाणी."

"कुठंतरी म्हंजे कुठं?"

"ते नक्की सांगता येत नाही."

"मंग सांगितलं काय तुमी?"

समोर कदम सर फाईल तोंडासमोर धरून हसत होते. मी पुन्हा प्रयत्न केला. "असं बघा, सगळ्या गावांत नाही पडणार. काही गावांत पडेल."

"त्यात येडगाव हाय का?"

"असू शकतं. नसूही शकतं."

तात्या म्हणाले, "सोयरीक जमवणारा माणूस बोलतो तसं बोलता राव तुमी!"

त्या रात्री धरणाच्या कडेला असा काही कोसळला की येडगावची वाटच बंद झाली. सकाळी ऑफिस उघडतेय तोच फोन.

"हॅलो मॅडम, तुरळक ठिकाणाहून बोलतोय!"

*

अवसरी खुर्दला खोली घेऊन राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी गच्चीवर स्वतः बनवलेलं पर्जन्यमापक बसवलं होतं. सेन्सर लावलेला. थेंब पडला की आकडा थेट आमच्या मोबाइलवर. सरांना त्या यंत्राचं भारी कौतुक.

मंगळवारी सगळीकडे उघडीप. आमच्या खिडकीत लख्ख ऊन. आणि अवसरीचा आकडा चढतोय! सर खुर्चीतून उठलेच. "अतिस्थानिक पाऊस! असा क्वचित सापडतो. चला!"

निघालो गाडीतून. रस्ता कोरडा. अवसरीचा फाटा आला, कोरडा. गाव आलं, धूळ उडतेय. सर म्हणाले, "बघा, किती लोकल आहे!"

गच्चीवर गेलो. यंत्राच्या बरोबर वर एक दोरी, आणि दोरीवर एक जाडजूड जीन्स निथळत होती. टप, टप, टप.

टॉवेल गुंडाळलेला एक मुलगा धावत वर आला. सरांनी जीन्सकडे बघत शांतपणे विचारलं, "कधीपासून चालू आहे?"

"सकाळपासून, सर. अजून एक बादली बाकी आहे."

"म्हणजे," सर माझ्याकडे वळून म्हणाले, "जोर कायम राहणार!"

*

आता घरची गोष्ट. मी जुन्नरला राहते. आमच्या सासूबाईंना सुनेच्या नोकरीचा फार अभिमान. गल्लीत कोणी आभाळाकडे बघितलं तरी त्या ओरडतात, "वर काय बघते, आमच्या हिला विचार!"

बुधवारी सकाळी त्यांनी विचारलं, "काय गं, आज कसं आहे?"

डबा भरता भरता मी म्हटलं, "आज बरं आहे. संध्याकाळपर्यंत तरी नाही येणार."

मी ऑफिसला गेले आणि सासूबाईंनी गल्लीभर दवंडी पिटली. सगळ्या बायांनी गोधड्या काढल्या, आपटून धुतल्या आणि गच्च्या, कठडे, रिक्षाचा टप, मिळेल तिथे वाळत घातल्या. दुपारी जेवणं झाली नि आला! आला तो अर्धा तास हललाच नाही.

घरी आले तर दारात पाय ठेवायला जागा नाही. आमचा हॉल मोठा, म्हणून सगळ्या गल्लीच्या ओल्या गोधड्या आमच्याकडे. पंख्याला, कपाटाच्या दाराला, टीव्हीवर. गोधड्यांच्या मधून वाट काढत बाया माझ्याकडे बघत होत्या. एकही बोलेना. बोलली असती तर बरं झालं असतं!

मी कशीबशी स्वयंपाकघरात घुसले. सासूबाई निवांत चहा पीत होत्या.

"आई, सॉरी हो. आपल्या गोधड्या कुठे आहेत?"

"आपल्या कपाटात," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं आधी बघू तुझं काय होतंय!"

*

घोडेगावात एका शेटजींचं दुकान आहे. छत्र्या, रेनकोट, ताडपत्री. आजोबा राजस्थानातून आले, शेटजी मात्र पक्के घोडेगावचे. पावसाळा सरत आला की त्यांचा फोन ठरलेला. "मॅडम, ताडपत्र्यांचा अख्खा लॉट पडून आहे. काही आहे का पुढं?"

त्या आठवड्याच्या सुरुवातीला मी म्हटलं, "शेटजी, शनिवारनंतर कमी होईल."

"अरेरे! बरं, नसू दे. पण 'शक्यता नाकारता येत नाही' एवढं तरी म्हणा ना!"

आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी आभाळ एकदम काळंकुट्ट झालं. बाजारात उघड्यावर कांद्याचे ढीग, सोयाबीनची पोती. मालवाल्यांची पळापळ. तेव्हा शेटजी गल्ला तसाच टाकून बाहेर आले, नव्याकोऱ्या ताडपत्र्यांची बंडलं कात्रीनं फोडली आणि दिसेल त्या ढिगावर टाकत सुटले. माल कोणाचा, विचारलंसुद्धा नाही. स्वतः मात्र चिंब!

दुसऱ्या दिवशी लोकांनी चिखलानं माखलेल्या ताडपत्र्या आणून दुकानासमोर रचल्या. मग शेटजींचा फोन आला.

"मॅडम, ह्या आता नव्या म्हणून विकता येणार नाहीत. आता तुम्ही खुशाल ऊन सांगा!"

*

घोडेगावच्याच पलीकडे वस्तीवर राहणाऱ्या सुमनताई. नवरा चाकणला कंपनीत, शेत सगळं ताई बघतात. शुक्रवारी सकाळी फोन. "मॅडम, सोयाबीनची गंजी घातलीय. मळणीचं मशीन दारात उभं हाय. आज सोडलं तर पुन्हा लवकर नाय मिळायचं. करू का नको?"

मी पुन्हा पुन्हा नकाशे बघितले. "ताई, नको. गंजी नीट झाका. दुपारनंतर येईल."

त्यांनी मशीन परत पाठवलं. आणि दुपारी पडलं कडक ऊन!

फोन. "मॅडम, हितं ऊन पडलंय."

थोड्या वेळानं, "मॅडम, लई ऊन पडलंय."

मग, "शेजाऱ्यांनी मशीन घेतलं. त्यांची निम्मी मळणी झाली बी."

मी दर थोड्या वेळानं खिडकीशी. हवामान खात्याची बाई पाऊस पडावा म्हणून हात जोडून उभी आहे, हे दृश्य सरांनी प्रथमच बघितलं असेल. त्यांनी दोनदा चहा मागवला.

दिवे लागायच्या वेळी फोन वाजला. उचलायचं धाडस होईना. उचलला, तर नुसता पत्र्याचा ताडताड आवाज. मग त्यातून सुमनताईंची आरोळी, "आला! मॅडम, आला!"

"गंजी?"

"कोरडी ठणठणीत! शेजाऱ्यांचं बी आमी समद्यांनी पळत जाऊन झाकलं. पर मला तुमचीच काळजी व्हती. सासऱ्यांना म्हनलं, पाऊस नाय आला तर त्या बाईनं तोंड कुठं दाखवायचं!"

*

आणि सर्वपित्री अमावस्या. भर दुपारी आंबेगावच्या डोंगराकडच्या एका गावातून फोन. "मॅडम, मी बबन बोलतोय. आजचा अंदाज सांगता का?"

"सकाळीच टाकलाय ग्रुपवर."

"ते ऐकलं. पर आता सांगा, मोठ्यानं. फोन स्पीकरवर टाकलाय. अण्णांना ऐकवायचाय."

"बरं, द्या अण्णांना."

"अण्णा न्हाईत, मॅडम. उन्हाळ्यात गेले."

मग हळूहळू उलगडा झाला. पितरांचं पान सकाळपासून पत्र्यावर मांडलेलं. वर पावसाची भुरभुर. कावळा जांभळीवर बसलेला, बघतोय, पण शिवत नाही. थोरल्यानं बांधाचं भांडण मिटवतो म्हणून सांगितलं. धाकट्यानं तंबाखू सोडली. सुनांनी आईला अंतर देणार नाही म्हणून हात जोडले. कावळा ढिम्म! आत पाव्हणे उपाशी ताटकळलेले, पोरं रडकुंडीला आलेली.

"आई म्हनली, अण्णा तुमचा मेसेज ऐकल्याबिगर घास घेत नव्हते. रोज ऐकायचे, 'खोटं बोलती बाई' म्हनायचे, अन् मंग जेवायचे."

"अहो, मग सकाळचा मेसेज लावा ना."

"लावला! त्यानं बघितलं बी न्हाई. आई म्हनती, शिळा नको, ताजा पायजे."

मी सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हातानंच खूण केली. वाचा.

मी घसा साफ केला. "नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत आज आकाश ढगाळ राहील. हलक्या सरींची शक्यता आहे. उद्यापासून पावसाचा जोर ओसरेल. काढलेलं पीक सुरक्षित जागी ठेवावं. धन्यवाद."

पलीकडून फक्त पन्हाळीचं पाणी गळल्याचा आवाज.

मग एका म्हातारीचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"खोटं बोलती बाई!"

पंखांची फडफड झाली. आणि एकदम कल्ला, "शिवला! शिवला!"

बराच वेळ तिकडे नुसता गलका चालला होता. मी फोन ठेवणार, एवढ्यात म्हातारीनं तो हातात घेतला.

"बाई, पुढल्या वर्सी अमावस्येला रजा टाकू नका."