शेजारच्या मांडवाकडे तोंड

भाच्याच्या हळदीला रेवसला गेलो होतो. तिथला डीजेवाला मी त्या एकाच दुपारी पाहिला. नाव विचारायचं राहिलंच. लॅपटॉपवर त्याने टॉवेल टाकला होता. गाणं बदलायचं झालं की तो त्यात डोकं खुपसायचा, शेजारच्या मांडवातल्या डीजेला दिसू नये म्हणून.

शेजारीही हळदच होती. दोन्ही डीजेंनी आल्या आल्या आपापले स्पीकर एकमेकांच्या मांडवाकडे फिरवले. त्यामुळे आमची माणसं त्यांच्या गाण्यांवर नाचत होती आणि त्यांची माणसं आमच्या.

नवऱ्याची आत्या भडकली. "अरं, हळद आपली हाय ना? मग गाणी त्यांची कशाला?"

"आत्या, तिकडं बघा तरी," आमचा डीजेवाला छाती फुगवून म्हणाला. "त्यांची म्हातारीपण उठली नाचाय!"

तासाभरात शेजारच्या जनरेटरमधलं डिझेल संपलं आणि आमच्या मांडवातला नाच थांबला. हळदीने माखलेला भाचा हात वर करून तसाच उभा राहिला.

मी डीजेवाल्याला म्हणालो, "अहो, आता तरी स्पीकर इकडे फिरवा."

मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "मामा, तिकडची माणसं रंगात आलीत. त्यांना मधीच सोडू? असला धंदा आपण करत न्हाय."

मग आपला डिझेलचा कॅन उचलून तो स्वतःच शेजारी पळत गेला. तो परत येईपर्यंत आमची माणसं पुन्हा नाचायला लागली होती. घाम पुसत तो माझ्या कानाशी वाकला.

"ऐकताय ना मामा? कसलं भिकार वाजवतो!"