जॅनेटची आतली पाकिटं

जॅनेट डिमेलो एखादी गोष्ट मनावर घेते तेव्हा आवाज चढवत नाही. चष्मा काढते, पुसते, परत डोळ्यांवर ठेवते, आणि मग समोरच्याने गप्प बसायचं असतं. हे मी सहा वर्षांपूर्वी शिकले. जॅनेट नर्स आहे. माझ्या मुलीच्या, गार्गीच्या बाळंतपणात मी तिच्या वॉर्डात होते आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठायचं नाही म्हणून हटून बसले होते. तिने चष्मा पुसला. दहा मिनिटांनी मी कॉरिडॉरमध्ये चालत होते.

ती मूळची वसईची, दोहात येऊन सव्वीस वर्षं झाली. नवरा हॅरी, एकुलती एक मुलगी मेलिसा. आम्ही नाशिकचे. इथल्या अबू हमूर भागात आमचं घर चर्चपासून पाच मिनिटांवर आहे, म्हणून शुक्रवारच्या सुट्टीची मिस्सा आटोपली की जॅनेट आमच्याकडे चहाला येते. त्या चहावरच आमची मैत्री पोसली.

ऑक्टोबरातल्या अशाच एका शुक्रवारी ती पर्समधून मेलिसाच्या लग्नपत्रिकेचे दोन नमुने काढून माझ्यासमोर ठेवती झाली. एकात पत्रिका सरळ पाकिटात घातलेली. दुसऱ्यात पाकिटाच्या आत आणखी एक पाकीट. बाहेरच्यावर घराचं नाव आणि पत्ता, आतल्यावर त्या घरातल्या कुणाकुणाला बोलावलंय त्यांची नावं.

"सांग उल्का, आतलं पाकीट पाहिजे की नको?"

मला कुणी मत विचारलं की मी हयगय करत नाही. "अजिबात नको," मी म्हटलं. "लोक बाहेरचं टराटरा फाडतात आणि आतलं कचऱ्यात टाकतात. नसती उठाठेव."

"हॅरी पण तेच बोलतो. मेलिसाला तर कागदच नको, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू म्हणते."

"मग झालं की. तिघं एका बाजूला."

जॅनेटने चष्मा काढला. "मग ताहेरचं नाव कुठे लिहू?"

ताहेर म्हणजे ताहेरुन्निसा शेख, जालन्याची. मेलिसा दोन महिन्यांची असताना ती जॅनेटच्या घरी आली आणि अठरा वर्षं राहिली. जॅनेट ड्युटीवर, हॅरी ऑफिसात. मेलिसाला पहिला घास तिने भरवला, शाळेच्या बसपर्यंत तिने सोडलं, तापात उशाशी ती बसली. मेलिसा तिला खाला म्हणते. मेलिसा कॉलेजला पुण्याला गेली त्याच वर्षी गार्गी जन्मली, आणि जॅनेटने ताहेरला माझ्याकडे दिलं. 'दिलं' हा शब्द मी तेव्हा सर्रास वापरायचे. आता लिहितानाही तोच आला, म्हणून तसाच ठेवते.

"आमच्या पाकिटावर लिही ना 'अँड फॅमिली'," मी म्हटलं. "त्यात ती आलीच. नाहीतरी तिला गर्दी आवडत नाही. लग्नाकार्याला ती कधी येतच नाही, डोकं दुखतं म्हणते."

"तिचं डोकं कधीपासून दुखतं ते मला माहीत आहे," जॅनेट म्हणाली.

तिने सांगितलं ते असं: मेलिसा दहा वर्षांची असताना हॅरीच्या पुतणीचं लग्न होतं, वेस्ट बेमधल्या एका हॉटेलात. पाकिटावर 'हॅरी डिमेलो अँड फॅमिली'. जॅनेटला वाटलं, फॅमिली म्हणजे आपण चौघं. ताहेरने हिरवा नवा ड्रेस शिवून घेतला, मेलिसाच्या वेण्या घातल्या. टेबलाला खुर्च्या तीन. एक माणूस हातात यादी घेऊन आला आणि ताहेरला म्हणाला, मेड लोकांचं जेवण तिकडे. तिकडे म्हणजे मुदपाकखान्याशेजारची खोली. तिथे ड्रायव्हर आणि बाया मांडीवर पाकिटं घेऊन बिर्याणी खात होत्या.

"आणि तू?"

"मी काय? नवरा-नवरी केक कापत होते. सगळे उभे होते. मी पण उभी राहिले." जॅनेट सरळ माझ्याकडे बघत होती. "वॉर्डात मी डॉक्टरला ओरडते गो. तिथे एक शब्द तोंडातून निघाला नाही. परत येताना गाडीत ताहेर बोलली, छान झालं लग्न. त्याच्यानंतर ती कुठल्याच लग्नाला आली नाही. मेलिसाच्या लग्नात ती मला खुर्चीवर बसलेली पाहिजे. नावाच्या खुर्चीवर."

 गप्प बसणं माझा स्वभाव नाही, म्हणून मी लगेच तोडगा काढला. "मग एक काम कर. फक्त तिच्यापुरतं एक आतलं पाकीट कर. बाकीच्यांना साधं."

"तिला एकटीलाच वेगळं? म्हणजे परत वेगळंच ना? नाही. सगळ्यांना सारखं."

चष्मा नाकावर गेला आणि विषय संपला.

पण तिचं ठरेपर्यंत पत्रिका वसईला छापून झाल्या होत्या. हॅरीची बहीण रीटा त्या बॅगेत घालून घेऊन आली: एकशेवीस पत्रिका आणि त्यांची एकशेवीस पाकिटं. आतलं एकही नाही. मेलिसाला वाटलं, आता ममा ऐकेल. ममा दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना जाड पांढऱ्या कागदाचे गठ्ठे घेऊन आली.

पुढचे दोन आठवडे सकाळची ड्युटी संपली की जॅनेट जेवणाच्या टेबलाशी पाकिटं घडवत बसायची. हात बँडेजच्या घड्या घालून तयार झालेले. प्रत्येक कोपरा असा दाबायची की दुसऱ्यांदा बघायची गरज नाही. मी दोन दिवस कापायला गेले. माझी कड वाकडी आली की ती काही न बोलता तो कागद बाजूला ठेवायची. बोलली असती तर बरं वाटलं असतं. हॅरी गोंद लावायचा आणि दर दहा पाकिटांनी म्हणायचा, "खलास, जॅनेट! हॉस्पिटलातून सुट्टी घेऊन छापखाना काढ."

नावं लिहायची वेळ आली तेव्हा तिने आणखी एक खूळ काढलं. ज्याचं नाव त्याच्या लिपीत. वॉर्डातल्या केरळच्या मुलींनी मल्याळम लिहिली, फार्मसीतल्या जाफरने उर्दू आणि अरबी. मराठी सगळी तिची स्वतःची, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात. मेलिसा आईला म्हणाली, "Mamma, nobody even looks at it." पण बोलता बोलता शाई वाळवायला पाकिटं पसरून ठेवत होती.

मी जॅनेटला विचारलं, "ताहेर माझ्याच घरात राहते. तू येऊन तिच्या हातात सरळ का देत नाहीस?"

"मी दिलं तर सिस्टरबाईंनी प्रेमाने दिलं म्हणून घेईल, आणि त्या दिवशी परत डोकं दुखेल. ती तुझ्या घरी आहे. पाकीट तुझ्या दाराशी येणार. तू दिलंस तर तिला कळेल की वाट मोकळी आहे."

म्हणजे बाईसाहेबांनी मलाही कामाला लावलं होतं.

पाकीट आलं. बाहेर आमचा पत्ता. आत दोन पाकिटं. एकावर 'गिरीश, उल्का, गार्गी'. दुसऱ्यावर 'ताहेरुन्निसा शेख'. मी दोन्ही बघितली, आमचं फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलं आणि दुसरं फ्रिजच्या डोक्यावर ठेवलं.

आता खरं सांगते. लग्नाच्या त्या आठवड्यात माझा नवरा गिरीश समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असणार होता. म्हणजे पैठणी नेसून सहा वर्षांच्या पोरीमागे मी एकटीने धावायचं. माझा बेत ठरला होता: गार्गी घरी ताहेरजवळ आणि मी निवांत. जॅनेटची गोष्ट ऐकून माझे डोळे भरून आले होते, तरीही बेत बदलला नव्हता. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला तेव्हाच कळलं. तीन दिवसांनी जॅनेटचा फोन आला, "दिलंस?" मी म्हटलं, "इन्शाल्ला, आज देते." आणि दिलं नाही.

पाचव्या दिवशी ताहेर स्टुलावर चढून फ्रिजचा माथा पुसत होती. मी भाजी चिरत होते. पुसायचा आवाज थांबला म्हणून वर बघितलं. तिच्या हातात ते पाकीट होतं. ताहेर चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. तिने ओठ हलवत वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"ताई, ह्ये माझ्या नावाचं हाय का?"

"हो."

"कवा आलं?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. "सोमवारी," मी म्हटलं. "मी द्यायचं टाळलं, ताहेर. त्या दिवशी गार्गीला कोण बघणार म्हणून."

 ताहेर स्टुलावरून उतरली, पाकिटावरची धूळ ओढणीला पुसली. ती पाच दिवसांची धूळ माझी होती. मला इतकी लाज आयुष्यात फार कमी वेळा वाटली आहे.

"तू जायचंस," मी म्हटलं. "गार्गी माझ्याजवळ राहील. तू मेलिसाची पाहुणी म्हणून जायचंस."

"बघू," ताहेर म्हणाली.  असलंच मोघम उत्तर जॅनेटला नको होतं.

लग्नाच्या दिवशी दुपारभर मी तिच्या खोलीच्या दाराकडे कान देऊन होते. डोकं दुखतं असं ऐकू येईल, मग जॅनेटला कुठल्या तोंडाने भेटायचं? पाच वाजता दार उघडलं. हिरवा ड्रेस. तोच, बाजूने उसवून सैल केलेला. हातात लहानशी पर्स.

"चला, यल्ला," ती म्हणाली.

हॉटेलात टेबल नऊवर चार नावं होती आणि चार खुर्च्या. गिरीशची रिकामी होती, तिच्यावर गार्गीने बाहुली बसवली. ताहेर आपलं नाव वाचून खुर्चीवर बसली, पण अगदी कडेवर, कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशी. समोर स्टेजवर मेलिसा आणि नवरदेव शॉन उभे होते, शेजारी निळ्या साडीत जॅनेट. लोक तिला शुभेच्छा देत होते आणि ती आमच्या टेबलाकडे बघत होती.

आणि तो आला. काळा कोट, हातात यादी. तोच माणूस नव्हे, पण काम तेच. त्याने माझी पैठणी बघितली, ताहेरचा ड्रेस बघितला, गार्गी बघितली आणि त्याचा हिशोब झाला. वाकून हळूच ताहेरला म्हणाला, "दीदी, मेड लोग का खाना उधर लगा है."

मी उठायला निघाले. गार्गी मांडीवर, पैठणीचा पदर तिच्या बुटाखाली अडकलेला. तिकडे स्टेजवर जॅनेटने चष्मा काढला आणि ती पायरी उतरू लागली.

आम्हा दोघींचीही गरज पडली नाही. ताहेरने पर्स उघडली, पाकीट काढलं आणि टेबलावर त्याच्यासमोर सरळ ठेवलं.

"पढो," ती म्हणाली.

तो नेपाळचा होता. त्याला ती देवनागरी अक्षरं येत होती. त्याने एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "ता-हे-रु-न्नि-सा शेख." मग यादीवर बोट फिरवलं, टेबलावरचं कार्ड बघितलं. "माफ करना, दीदी," म्हणाला आणि तिच्या ग्लासात स्वतः पाणी ओतलं.

जॅनेट पायरीवरच थांबली. तिने चष्मा डोळ्यांवर ठेवला, परत काढला आणि साडीच्या पदराने पुसत राहिली. या खेपेला ते कुणाला गप्प करण्यासाठी नव्हतं.

ताहेरने पाकीट पर्समध्ये ठेवलं. खुर्चीत नीट मागे सरकून बसली, रुमाल मांडीवर पसरला आणि त्याला म्हणाली, "सूप गरम है ना? लाओ."