पुढच्या रांगेतली गैरहजर मुलगी

भोईवाड्यात आमच्या चाळीच्या वाचनालयात मी रविवारी सकाळी मुलांचा वर्ग घ्यायचो. नुकताच मॅट्रिक होऊन कारकुनीला लागलो होतो आणि जग सुधारायला एवढं पुरेसं आहे अशी माझी खात्री होती. भांडणं कशी मिटवावीत, कुणाला कमी का लेखू नये, हे मी शिकवायचो. पंधरा-वीस पोरं सतरंजीवर बसायची आणि मी आवाज चढवून त्यांना शांततेचं महत्त्व सांगायचो.

माझा हुकमी धडा माझ्या बाचा, म्हणजे वडिलांचा होता. बा गिरणीत मागावर होता. लहानपणी कोकणातल्या गावी तो शाळेत गेला, तेव्हा त्याला बाहेर पडवीत बसवलं. मास्तर आतल्या मुलांची हजेरी घ्यायचे. बाचं नाव त्यांनी कधी पुकारलंच नाही. दोन वर्षं तो रोज शाळेत गेला आणि हजेरीपटात एकदाही नव्हता. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती की पुढचं वाक्य पोरंच म्हणायची.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मोर्चे, सभा, अश्रुधूर, सगळं गिरणगाव पेटलेलं. मीही वर्गात नवी रीत पाडली. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं नाही, ‘झालाच पाहिजे’ म्हणायचं. पोरांना भलताच चेव चढायचा आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

पुढच्या रांगेत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची मुलगी बसायची. घरी गुजराती, पण मराठी आमच्यासारखंच बोलायची. रीत बदलल्यावर तिचं नाव आलं की ती खाली बघू लागली. पहिल्या रविवारी मी थांबून वाट पाहिली. दुसऱ्या रविवारी सांगितलं, जो बोलणार नाही तो गैरहजर, आणि तिच्या नावापुढे फुली मारली. ती रडली नाही, उठूनही गेली नाही. पुढच्या प्रत्येक रविवारी वेळेवर आली आणि फुली घेऊन गेली.

मग मुलांना राणीच्या बागेत न्यायचं ठरलं. चारपेक्षा जास्त फुल्या असतील त्याला नेणार नव्हतो. शनिवारी संध्याकाळी मी यादी करायला बसलो. शेजारी बा हजेरीपट बघत होता. रात्रशाळेत शिकलेली अक्षरं तो बोट ठेवून वाचायचा. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

“ही वाण्याची पोर ना रे? मी पेपर वाचायला येतो तवा पुढंच बसलेली असते.”

“असते. पण घोषणा देत नाही.”

“का?”

“विचारलं नाही.”

बा स्वतः मोर्चात लाठी खाऊन आलेला माणूस. त्याने वही मिटली. “आमचा मास्तर माझ्याकडं बघत तरी नव्हता,” तो म्हणाला. “तू तिच्या तोंडाकडं बघून फुली मारलीस.”

मला इतकी लाज वाटली की आधी रागच आला. मग चपला घातल्या आणि दुकान गाठलं. फळ्या अर्ध्या लावलेल्या होत्या.

“मास्तर, दोनदा दगड आले,” तिचे वडील म्हणाले. “मीच तिला सांगितलं, कुणाच्याच बाजूनं घोषणा द्यायची नाही. वर्गाला जाऊ नको असंही सांगून बघितलं, पण ऐकत नाही. तुमच्या वडिलांची ती शाळेची गोष्ट तिला फार आवडते. घरी आम्हाला पण सांगते.”

उद्या तिला नक्की पाठवा, एवढं कसंबसं म्हणालो.

रविवारी मी मुलांसमोर तिच्या फुल्या खोडल्या. माझं चुकलं, आजपासून नुसतं ‘हजर’ म्हणायचं, असं सांगितलं. पोरं हिरमुसली. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती लगेच बोलली नाही. आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मग म्हणाली, “हजर.”

यादी संपली. पेपराच्या टेबलाशी बसलेला बा म्हणाला, “माझं पण नाव घे की.”

पोरं हसली. ती हसली नाही. मी हजेरीपटात शेवटी बाचं नाव लिहिलं आणि पुकारलं. बाने पेपर खाली ठेवला, उभा राहिला, हाताची घडी घातली आणि म्हणाला, “हजर.”