कातरणीची तारीख

“तुझं पॅशन काय?” असं मला पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मी बारावीत होते आणि आमच्या वस्तीवरचा टँकर त्याला वाटेल तेव्हा येत होता. विचारणारी बाई शहरातल्या एका क्लासची मॅडम होती. औरंगाबादला जालना रोडवर काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस होतं. आमच्या कॉलेजात येऊन तिनं सांगितलं होतं, की पुण्याकडच्या एका बड्या खासगी विद्यापीठात गरिबाघरच्या हुशार पोरांना फी माफ आहे, राहणं-खाणं माफ आहे. फक्त मार्कांच्या जोडीला एक पॅशन प्रोजेक्ट पाहिजे. म्हणजे कुणी न सांगता, आपल्या आवडीनं केलेलं काहीतरी. आणि ते काय करायचं, हे मॅडम सांगणार! मला तेव्हाच हसू यायला पाहिजे होतं, पण मी मान हलवली.

मला आवडायची अक्षरं. खरंच सांगते, दुसरं काही नाही. आमची वस्ती गंगापूर रोडच्या आत, वाळूजच्या पुढं. एसटीच्या खिडकीतून मी रोज पाट्या वाचत यायचे. त्या वर्षी पाऊस नव्हता, पीक नव्हतं, पण प्लॉटिंगच्या पाट्या जिकडं तिकडं उगवल्या होत्या. कुठला ‘ळ’ पोटाला सुटलाय, कुठल्या ‘श्री’ची वेलांटी नुसती फेकून दिलीय, हे माझ्या डोळ्यांना आपोआप दिसायचं. घरी मी चुलीतला कोळसा घेऊन पत्र्याच्या भिंतीवर तीच अक्षरं पुन्हा काढायचे, जरा नीट करून. माय ओरडायची, “आगं, भिंत काळी केलीस की गं बये!”

मी मॅडमला अक्षरांचं सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं. “कॅलिग्राफी? ते तर दर दुसरं पोरगं करतंय गं. घरी काय असतं तुमचं?”

“मेंढरं,” मी म्हटलं.

मॅडम खुर्चीत ताठ बसल्या. “अगं मग सांगायचं ना! मेंढीपासून घोंगडीपर्यंत. स्वतः लोकर कातर, सूत कात, घोंगडी विणून घे, सगळ्याचे व्हिडिओ काढ. असं कुणाकडंच नसणार.” मग त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, “डिसेंबरच्या शेवटापर्यंत सगळं अपलोड व्हायला पाहिजे. ती तारीख हलत नाही.”

मी घरी येऊन आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं ते चेष्टेनं. म्हटलं, बघा, शहरातल्या बाईला मेंढरं थंडीत कातरायचीत. आमच्यात चैतात कातरतात, ऊन तापायला लागलं की. आबा मात्र हसले नाहीत. विडी विझवून कानामागं ठेवली आणि विचारलं, “मंग तुजा नंबर लागंल व्हय त्या पुण्याच्या कॉलेजात?”

“लागंल, नाय तर नाय.”

“फी माफ म्हंतीस. खानं-पिनं माफ.”

“आबा, चैतात कातरू. मी दुसरं काहीतरी करते.”

“चैतापतुर तुजी तारीख थांबती का?” ते म्हणाले. “मेंढरामागं फिरून फिरून तुज्या मायचं गुडघं गेलं. तुजं जाऊ द्यायचं नाय मला.”

मी भांडले, हे इथं लिहूनच ठेवते. एका घोंगडीला लागतील तेवढीच मेंढरं कातरा, बाकीची राहू द्या, असं मी परोपरीनं सांगितलं. पण आमच्यात एक रीत आहे. कातर एकदा कळपाला लागली, की कळप अर्धा ठेवायचा नाही. पहिल्या मेंढीची लोकर देवाला वाहायची आणि मग शेवटचं कोकरू होईपर्यंत थांबायचं नाही. अर्धा कातरलेला कळप म्हणजे देवाशी केलेली लबाडी. आबा माझ्यासाठी महिना मोडायला तयार होते, पण रीत मोडायला नाही. “देवाला काय तोंड दावू?” एवढंच त्यांचं उत्तर. माणूस इतका समजूतदार आणि तिथंच असा अडून बसला! मी हात टेकले.

कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, नाहीतर मातीनं कातर चालत नाही. पाणी कुठलं? ओढा कोरडा, विहिरीत दगड. आबांनी कळप कायगावच्या पुलाखाली नेला. गोदावरी आटून पार मागं सरकली होती आणि चिखलात जागोजागी डबकी उरली होती. आबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेक मेंढी घोळून माझ्याकडं द्यायचे. मी एका हातानं मोबाइल धरून व्हिडिओ काढत होते. त्या व्हिडिओत आबा मध्येच कॅमेऱ्याकडं बघून लाजल्यासारखं हसतात. तो व्हिडिओ मी पुन्हा कधी लावला नाही.

वस्तीवरची भावकी आली आणि पूर्ण कळप कातरून झाला. काळी मेंढरं एकदम बारकी दिसायला लागली. दुष्काळानं आधीच नुसती हाडं राहिली होती, ती लोकरीखाली झाकलेली, आता उघडी पडली. माय म्हणाली, “आगं माय, हे तर निस्तं सांगाडं!” आणि तिनं पदर तोंडाला लावला. मग मायनं आणि मी टकळीवर सूत कातायला घेतलं. गंगापुरात मायच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्याकडं माग होता. चिंचोक्याची खळ लावून मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा तयार झाला. सगळं तारखेत बसत होतं.

आणि पाऊस आला. जून गेला, जुलै गेला, पोळा कोरडा गेला, तेव्हा नाही आला. मेल्यानं डिसेंबर गाठला. दुपारी आभाळ भरलं, वारा सुटला आणि बर्फासारखं गार पाणी कोसळायला लागलं. आडोसा काय तर मेंढरं कोंडायचा तुराट्यांचा वाडा, वर आभाळ. आबा रस्त्याकडं पळत गेले आणि प्लॉटिंगचा फाटका फ्लेक्स ओढून घेऊन आले. तो आम्ही मेंढरांवर धरला. एका टोकाला आबा, एका टोकाला माय, मध्ये मी. फ्लेक्सवर हातभर अक्षरांत ‘स्वप्नातलं घर’ लिहिलं होतं आणि त्याच्याखाली मेंढरं थरथरत एकमेकांत घुसत होती. दुसऱ्या दिवशीही पाऊस थांबला नाही. आम्ही गोणपाट पांघरले, गोवऱ्या पेटवल्या, कोकरं घरात घेतली, मायनं आपली लुगडी काढून त्यांना गुंडाळली. काही उपयोग झाला नाही. लोकर अंगावर असती तर बहुतेक मेंढरं वाचली असती. ती लोकर घरात दोरीवर सूत होऊन वाळत होती.

ऊन पडलं तेव्हा वाड्यात थोडीशी मेंढरं उभी होती, बाकीची आडवी. आबा प्रत्येकीजवळ बसले, कानाला हात लावून बघितला आणि पुढच्या मेंढीकडं गेले. मी “आबा” म्हणून हाक मारली. त्यांनी वर न बघताच सांगितलं, “घोंगडी पुरी करून घे. लोकर तरी वाया नगं जायला.” मला त्या क्षणी मॅडमचा, तारखेचा, देवाचा, सगळ्यांचा इतका संताप आला की मी घरात जाऊन भिंतीवरची माझी सगळी अक्षरं ओल्या फडक्यानं पुसून काढली. माय बघत होती. 

घोंगडी झाली. चांगली झाली, लई चांगली. तारखेच्या आत सगळं अपलोड केलं आणि मुलाखतीला नावही आलं. मॅडमच्या ऑफिसात संगणकासमोर बसवलं मला. पडद्यावर त्या विद्यापीठाचे तिघं होते. घोंगडी बघून मधले सर म्हणाले, “सुंदर आहे. पण हा तर तुमच्या घरचा धंदा. यात तुमची स्वतःची आवड कुठं दिसते?”

 मी म्हटलं, “सर, मेंढरं मेली.”

 त्यांच्यातल्या एक बाई इंग्रजीत वाईट वाटलं म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मुलाखत संपल्यावर मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. “अगं वेडे, हे अर्जात का नाही लिहिलंस? केवढी स्ट्राँग झाली असती स्टोरी!”

माझा नंबर लागला नाही. आबांना सांगितलं तेव्हा ते जमीन उकरायला लागले. मग म्हणाले, “आसं व्हय.” उरलेली मेंढरं त्यांनी लासूर स्टेशनच्या बाजारात विकली. मी इथल्याच कॉलेजात नाव घातलं आणि सुट्टीत एका पेंटरच्या हाताखाली पाट्या रंगवायला लागले. अक्षरं पुसली तरी हातातून जात नाहीत, काय करणार.

पुढं आमच्या वस्तीच्या मागचा माळ, जिथं आबांचा सगळा जन्म मेंढरं चारण्यात गेला, प्लॉटिंगवाल्यांनी घेतला. तारेचं कुंपण पडलं. आबांना तिथं वॉचमन म्हणून ठेवलं. फाटकावरच्या पाटीचं काम पेंटरनं माझ्याकडं दिलं. मी गेले तेव्हा आबा खुर्चीवर बसले होते. थंडी होती. अंगावर तीच घोंगडी होती. मी दिवसभर शिडीवर उभी राहून लाल रंगानं अक्षरं काढली, वेलांट्या नीट फिरवल्या, एकसुद्धा ओघळ येऊ दिला नाही.

संध्याकाळी आबा पाटीसमोर येऊन उभे राहिले. त्यांना वाचता येत नाही. “काय लिवलंस गं माय?”

मी वाचून दाखवलं. “या जागेत मेंढ्या-जनावरे चारण्यास सक्त मनाई आहे.”

आबांनी घोंगडी खांद्यावर ओढून घेतली. 

“अक्षार लई देखणं काढलंस,” ते म्हणाले.