मास्तर कोण?

गडचांदूरला ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक भाऊ होते. विद्यापीठाची वेबसाइट उघडली की आधी इमारतीचा फोटो बघून ते निकाल देत, "काच लई चमकून राह्यली. मास्तर कमी असन."

बी.एस्सी.नंतर वित्तीय गणितात एम.एस्सी. करायचं म्हणून मी एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन गेले. भाऊंनी विषयाचं नाव दोनदा वाचलं आणि सरळ तिथे फोन लावला.

"मी पोरीचा काका बोलून राह्यलो. हा विषय शिकवते कोण?"

पलीकडच्या बाईंनी वसतिगृह, जिम, कॅफेटेरिया सगळं सांगितलं. भाऊंनी तोच प्रश्न चारदा विचारला. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, फॅकल्टी लवकरच जॉइन होईल."

मला रडूच यायला लागलं. भाऊंनी माझ्याकडे न बघता हाच विषय असलेल्या एका जुन्या सरकारी विद्यापीठाच्या गणित विभागाचा नंबर फिरवला. उचलणारे सर खेकसले, "तासाला चाललोय मी, नंतर करा!" आणि फोन आपटला.

भाऊ खूश झाले. "इथीच भरू. याले बोलाले फुरसत नाई."

मी तिथेच शिकले. ते सर दोन्ही वर्षं तसेच खेकसायचे, पण एकही तास त्यांनी बुडवला नाही.