डावीकडचा डबा

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हिरू पारधीने रिकाम्या बंगल्याच्या हॉलमधला दिवा लावला, पडदे अर्धे ओढले आणि नव्या गोल स्पीकरमध्ये पेनड्राइव्ह खोचला. स्पीकरवर निळा ठिपका लुकलुकला. मग योगेंद्र सबनीसांनी माशाच्या कालवणात मीठ कमी असल्याची तक्रार केली.

सबनीसांना जाऊन वर्ष होऊन गेलं आहे.

हिरूला त्याचं काही वाटत नाही. कडावच्या पुढे भातखाचरं संपतात आणि डोंगराचा चढ सुरू होतो, तिथे हा बंगला आहे. मागच्या खोलीत हिरू आणि त्याची बायको धोंडूबाई राहतात. झाडांना पाणी घालायचं, अंगण झाडायचं, मीटरवर लक्ष ठेवायचं आणि रोज तिन्हीसांजेला हॉलमध्ये माणसं बोलवायची, हे त्याचं काम. बोलवायची म्हणजे पेनड्राइव्हमधून.

कल्पना सबनीसांची. शेजारचा बंगला पावसाळ्यात फुटला. चोरांनी नळांच्या तोट्या आणि एसीच्या तांब्याच्या नळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. सबनीस टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वायरी आणि यंत्रं यांत रमणारे. पुढच्या रविवारी ठाण्याहून सगळं कुटुंब जेवायला आलं, तेव्हा त्यांनी टेबलाच्या मधोमध रेकॉर्डर ठेवला आणि अख्खं जेवण भरून घेतलं. रेडिओ का लावत नाही, असं हिरूने विचारलं होतं. "गाणं रिकाम्या घरातही लागतं रे," सबनीस म्हणाले होते. "मीठ कमी पडल्याचं भांडण कुणी लावून ठेवतं का?"

त्या दिवसापासून हे कुटुंब रोज जेवायला बसत आलं आहे. बंगल्यात चोर शिरला नाही. दुधाचे कॅन घेऊन परतणारा पोशा मात्र साहेबांच्या तेराव्यानंतर फाटकापाशी सायकलचा वेग वाढवतो. आजही त्याने जाता जाता हाळी दिली.

"हिरू, तुझा साहेब मेल्यावर पन भांडतोय रं!"

"मीठ कमी हाय ना," हिरू आतून म्हणाला.

पण त्याचं लक्ष पोशाकडे नव्हतं. तो चमच्याची वाट बघत होता. साहेबांची बहीण हसली, कुणीतरी भात मागितला आणि चमचा फरशीवर पडला. हिरूने श्वास रोखला. खिडकीबाहेर मोरीवर धोंडूबाईने नळ बंद केला.

साहेब पुन्हा बोलू लागले. बाकी काही आलं नाही.

हिरूने मागे नेऊन पुन्हा लावलं. मग आवाज वाढवला. साहेब गरजले, चमचा ताटावर थाळी आपटल्यासारखा वाजला. त्यानंतर बडबड आणि नुसती बडबड.

"नाय आली आज," धोंडूबाई बाहेरून म्हणाली आणि तिने नळ सोडला.

ती म्हणजे बुधी, त्यांची मुलगी. रेकॉर्डिंगच्या रविवारी धोंडूबाई याच मोरीवर भांडी घासत होती. चमचा पडल्यानंतर, जेवणाऱ्यांच्या बोलण्याआड, स्वयंपाकघराच्या खिडकीकडून तिची हाक येते, "बुधे, पानी आन गं." मग बादलीची कडी वाजते आणि मुलगी म्हणते, "आले गं आये." एवढंच. पुढच्या कापणीत पेंढा उचलताना बुधीला नाग चावला. कर्जतला पोचेपर्यंत ती राहिली नव्हती. शाळेतला एक फोटो आहे. आवाज फक्त इथे आहे, दुसऱ्यांच्या जेवणात, दुसऱ्यांच्या घरात.

सबनीसांना हे कळलं नाही. हिरू-धोंडूबाई आपसातही त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. दोघं त्या वेळी त्या खिडकीच्या अल्याड-पल्याड असतात, इतकंच.

स्पीकरचा जुना संच लाकडी होता. हॉलच्या दोन टोकांना दोन डबे, त्यातला डावा स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ. ओल आणि पालींनी तो यंदाच्या पावसाळ्यात संपवला. साहेबांची मुलगी निशिगंधा पुण्याला असते. बंगला आता तिच्या नावावर आहे. तिने कुरिअरने हा गोल स्पीकर पाठवला. हॉल लहान, जागा कमी, एवढा पुरे. चुकीचं त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरू पेनड्राइव्ह खिशात घालून दहिवलीला गेला. तिथे गजाचं दुकान आहे. टीव्ही, पंखे, स्पीकर, दुरुस्ती.

"हॉल केवढा?" गजाने विचारलं.

"बारा बाय चौदा."

"मंग हा घ्या. खिडक्या हादरतील."

"खिडक्या नाय हादरवायच्या. जेवताना मानसं बोलतात, ती ऐकायचीत."

"घरात कोन बोलत नाय का जेवताना?"

"रिकामं हाय घर."

गजाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विनोद आवरता घेतला.

त्याने आधी टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी लावली. आवाज स्वच्छ होता. चमचा पडला, पुढे काही नाही. मग जमिनीवर ठेवायच्या मोठ्या खोक्याचा संच लावला. त्यात साहेब विहिरीतून बोलल्यासारखे वाटले आणि हिरूने हातानेच नको म्हटलं. शेवटी गजाने फळीवरून दोन छोटे डबे काढले. विटेएवढे, काळे, पुढे जाळी. काउंटरवर जागा नव्हती म्हणून दोन्ही एकमेकांना चिकटवून ठेवले. हिरू कान जवळ नेऊन ऐकत राहिला. नाही.

"चमच्यात काय हाय एवढं?" गजा म्हणाला.

तेवढ्यात मिक्सर दुरुस्तीला घेऊन एक बाई आली. काउंटर मोकळा करायला गजाने एक डबा उचलून डावीकडे दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि दुसरा उजवीकडे सरकवला. रेकॉर्डिंग पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं होतं. मीठ. हसू. भात. चमचा.

"आले गं आये."

गजा दाराकडे वळला. "कोन आलं गं?" त्याने विचारलं. दारात कुणीही नव्हतं. मिक्सरवाल्या बाईनेही मागे वळून पाहिलं.

हिरूने काउंटरची कड धरली होती.

गजाने रेकॉर्डिंग थांबवलं, पुन्हा लावलं. डबे जवळ आणले, लांब नेले. मग हळू आवाजात सांगितलं. रेकॉर्डर टेबलाच्या मधोमध होता आणि त्याला माणसासारखे दोन कान असणार. मुलगी डाव्या कानाच्या बाजूला, लांब होती. एकाच डब्यातून सगळे आवाज एका जागेवरून येतात आणि मोठ्यांच्या आवाजाखाली ती दबते. डबे हात-दोन हात लांब असतील तर तिला तिची जागा मिळते. "भिंतीला चिकटवू नका," तो म्हणाला. "आनि ऐकनारा मधे बसू दे."

तो कुणाचा आवाज, हे गजाने विचारलं नाही.

पैसे निशिगंधाचे, म्हणून हिरूने दुकानातूनच तिला फोन लावला. स्पीकर नीट चालत नाही का, तिने विचारलं. चालतो, पण दोन डब्यांचा हवा, हिरू म्हणाला.

"हिरूदादा, मीच तुम्हाला फोन करणार होते." ती म्हणाली. "ते रेकॉर्डिंग आता बंद करू या. हॉलमध्ये बसवलेल्या कॅमेऱ्याचा आवाज माझ्या फोनवर येतो. ऑफिसातून निघताना मी घर बघायला उघडते आणि बाबा बोलत असतात. मला ते झेपत नाही. गाणी लावा. बातम्या लावा. काहीही लावा."

हिरूने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई," तो म्हणाला, "त्यात बुधी हाय."

"कोण?"

"माझी बुधी. चमचा पडतो ना, त्याच्या पुढं."

निशिगंधाला बुधी आठवत होती. चिंचा आणून द्यायची, पायरीच्या वर यायची नाही. ते जेवण तिने कितीदा ऐकलं होतं. त्यात बुधी तिला कधी ऐकू आली नव्हती.

"लावा," ती म्हणाली.

गजाने रेकॉर्डिंग लावलं आणि हिरूने फोन दोन डब्यांच्या मधे धरला. चमचा पडला. मुलगी म्हणाली ते म्हणाली. मिक्सरवाली बाई अजून उभीच होती.

"मला नाही आलं ऐकू," निशिगंधा म्हणाली.

"फोनात नाय येत ताई. फोन एकच हाय."

ती हसली की नाक ओढलं, हे हिरूला कळलं नाही. "दोन्ही डबे घ्या," ती म्हणाली. "मी कॅमेऱ्याचा आवाज बंद करते. चित्र पुरे मला." मग थोड्या वेळाने, जवळजवळ स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे आता बाबा फक्त तिकडेच." आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी हिरूने एक डबा स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ ठेवला, भिंतीपासून वीतभर पुढे. दुसरा शोकेसच्या कडेला. गजाने सांगितलेली मधली जागा साहेबांच्या खुर्चीची निघाली. खुर्ची त्याने हलवली नाही आणि तीत बसलाही नाही. खिडकीजवळ उभा राहिला.

मीठ कमी पडलं. बहीण हसली. रस्त्यावर पोशाची सायकल खडखडत वेगाने गेली. चमचा पडला आणि मोरीवरचा नळ बंद झाला.

"आले गं आये."

धोंडूबाईने बादली उचलून थोडी बाजूला ठेवली, कुणाला तरी जायला वाट करावी तशी. मग पुन्हा जागेवर आणली आणि नळ सोडला. जेवण पुढे चालू राहिलं, शेवटच्या ताकापर्यंत.

अंधार पडताना गावातला वायरमन फाटकाशी सांगून गेला. उद्या मंगळवारी तारा ओढायचं काम आहे, लाइट सकाळी दहाला जाईल ती संध्याकाळी साडेसहाला येईल. हिरूने मान हलवली. उद्या बंगल्यातलं जेवण साडेसहाला सुरू होईल आणि धोंडूबाई भांडीही तेव्हाच घासायला घेईल.